आधी ओळख, मग हुकूम



सूरह हुजुरात ही पवित्र कुरआनमधील ४९ वी सूरह. अवघ्या १८ आयतींच्या या सूरहमध्ये समाजात परस्परांशी कसे वागावे, याची शिकवण एकत्र आली आहे. तिच्या १३ व्या आयतीत अल्लाह केवळ ईमानधारकांना नव्हे, तर समस्त मानवजातीला संबोधित करतो. सर्व माणसांची उत्पत्ती एका पुरुषापासून व एका स्त्रीपासून झाली; त्यांच्या कौमी आणि कबिले करण्यात आले ते परस्परांची ओळख व्हावी म्हणून; आणि अल्लाहजवळ अधिक प्रतिष्ठित तोच, ज्याचा तक्वा अधिक, असा या आयतीचा आशय आहे.

ही आयत आपण अनेकदा ऐकतो. वंशाचा व जातीचा अहंकार तिने मोडून काढला, हेही आपण जाणतो. तथापि तिच्यातील एका शब्दापाशी आपण क्वचितच थांबतो. तो शब्द म्हणजे ‘लितआरफू’, म्हणजे तुम्ही एकमेकांना ओळखावे यासाठी. माणसामाणसांत भिन्नता का ठेवली, याचे जे कारण या आयतीत सांगितले आहे, ते ‘ओळख’ हे आहे.

या शब्दाचे मूळ ऐन, रे, फे या तीन अक्षरांत आहे. याच मुळापासून परिचय या अर्थाचा ‘तआरुफ’ शब्द आला. याच मुळापासून लोकांत रुळलेली रीत या अर्थाचा ‘उर्फ’ आला, आणि याच मुळापासून कुरआनमध्ये ठिकठिकाणी येणारा, भल्या गोष्टीसाठी वापरलेला ‘मअरूफ’ही आला. हे शब्दघराणे मराठीतही फार पूर्वी येऊन स्थायिक झाले आहे. आपण कुणाची ‘तारीफ’ करतो, एखाद्याच्या नावानंतर ‘ऊर्फ’ लिहितो, तेव्हा हेच मूळ आपल्या तोंडी असते. ओळख, रीत आणि भलेपणा ही तिन्ही एकाच मुळाची फळे आहेत, हे ध्यानात ठेवून आजचा धडा वाचावा, ही विनंती.

आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. या आयतीच्या आधीच्या दोन आयतींत सहा गोष्टींना मनाई केली आहे: कुणाची थट्टा करणे, टोमणे मारणे, वाईट नावे ठेवणे, वाईट संशय घेणे, पाळत ठेवणे आणि पाठीमागे निंदा करणे. ओळखीच्या वाटेवरचे हे सहा धोंडे आधी बाजूला केले, आणि मग ओळखीची आयत आली.

एक वाटी तिळगूळ

हा धडा मला किताबांतून मिळाला होता. समजला मात्र एका चुकीतून. ती चूक माझी स्वतःची असल्यामुळे येथे सांगण्यास संकोच नाही.

माझी पहिली इमामत रत्नागिरी जिल्ह्यातील समुद्रकाठच्या एका गावात होती. मी मूळचा मराठवाड्यातला. वय पंचविशीचे, मदरशाची सनद नुकतीच हाती आलेली. मशिदीलगतच्या खोलीत मी व माझी पत्नी राहत असू. शेजारी एक हिंदू कुटुंब होते. पाणी केव्हा येते, मासे कुणाकडून घ्यावेत, पावसाळ्याआधी घरात काय भरून ठेवावे, हे सारे त्या घरातील काकूंनी माझ्या पत्नीला पहिल्याच आठवड्यात समजावून सांगितले होते. जानेवारीत संक्रांतीच्या दिवशी त्यांची सात-आठ वर्षांची नात वाटीत तिळगूळ घेऊन आली. दारात मीच होतो. ‘आम्ही प्रसाद खात नाही,’ असे म्हणून मी ती वाटी परत केली. मुलगी काही न बोलता निघून गेली.

काकूंनी आमच्याशी बोलणे टाकले नाही. पण आमच्या दाराची कडी वाजवणे त्यांनी थांबवले. पुढे दोन-तीन महिन्यांनी पत्नीने मला सांगितले, ‘तो प्रसाद नव्हता. गुळाचा पाक त्यांनी माझ्यासमोर केला होता. तुम्ही मला विचारलं असतंत, तर तेव्हाच सांगितलं असतं.’

मी काकूंकडे गेलो आणि माझी चूक कबूल केली. त्या म्हणाल्या, ‘मौलाना, तुम्हाला चालत नाही ते मी कशाला पाठवीन? तुमच्याकडे काय चालतं, काय नाही, हे मी तुमच्या बायकोला आधीच विचारून घेतलं होतं.’

वाचकहो, त्या क्षणी मला जी शरम वाटली, ती आजही आठवते. हुजुरातची आयत मला पाठ होती. तिच्यावर अंमल त्या काकूंनी केला होता.

माझ्या हातून दोन चुका झाल्या. पहिली ज्ञानाची: वस्तू काय आहे हे न विचारता मी तिच्यावर हुकूम लावला. आपल्या फुकहांमध्ये एक मान्य तत्त्व आहे की एखाद्या गोष्टीवर हुकूम देणे हे त्या गोष्टीच्या यथार्थ आकलनावर अवलंबून असते. मदरशात हे तत्त्व मी परीक्षेत लिहिले होते. दुसरी चूक वर्तनाची: ती वस्तू खरोखर देवापुढे ठेवलेला प्रसाद असती, तरीसुद्धा एका लहान मुलीला सौम्य शब्दांत, हसून, आपली अडचण सांगता आली असती. न खाण्याचा हुकूम वेगळा आणि दुखावण्याची परवानगी वेगळी. ती तर कुणी दिलेलीच नाही.

या विषयावर सलफच्या काळातील मार्गदर्शनही उपलब्ध आहे. मजूसी, म्हणजे अग्निपूजक लोक, त्यांच्या सणाच्या दिवशी भेट पाठवीत, तिचे काय करावे, असा प्रश्न हजरत आयशा (रजि.) यांना विचारण्यात आला होता. त्या दिवसासाठी जबह केलेले खाऊ नये, फळे वगैरे खावीत, असे उत्तर त्यांनी दिल्याची रिवायत आहे. या उत्तरात ‘सारे घ्या’ नाही आणि ‘सारे परत करा’ही नाही. वस्तू ओळखा, वेगळी करा, मग ठरवा, ही त्यातील शिकवण आहे.

मोहोरेची अंगठी

आता आदरणीय पैगंबर (सल्ल.) यांच्या जीवनाकडे वळू या. हुदैबियाच्या तहानंतर पैगंबरांनी भोवतालच्या राजांना इस्लामचे आवाहन करणारी पत्रे पाठविण्याचे ठरविले. हजरत अनस (रजि.) यांची रिवायत बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. रूमचे लोक मोहोर नसलेले पत्र वाचत नाहीत, असे पैगंबरांना सांगण्यात आले. तेव्हा त्यांनी चांदीची अंगठी करवून घेतली आणि तिच्यावर ‘मुहम्मद’, ‘रसूल’ व ‘अल्लाह’ हे शब्द तीन ओळींत कोरवून घेतले. पुढे पत्रांवर तीच मोहोर उमटू लागली.

या लहानशा घटनेचा विचार करा. अल्लाहच्या रसूलाचे पत्र. त्याला मोहोरेची गरज काय, असे कुणीही म्हणू शकले असते. वाचायचे असेल तर वाचा, असेही म्हणता आले असते. तसे झाले नाही. समोरच्या लोकांत पत्राचा मान कशाने राखला जातो, हे पैगंबरांनी ऐकून घेतले आणि ती रीत स्वीकारली. त्या रीतीत तौहीदला बाधा आणणारे काही नव्हते. मात्र मोहोरेवर काय कोरायचे, हे रूमच्या लोकांनी ठरविले नाही. रीत त्यांची होती. शब्द आपले होते. परक्या लोकांशी संवाद कसा करावा, याचा याहून सोपा नमुना मला ठाऊक नाही.

याच काळजीतून पैगंबरांनी हजरत जैद बिन साबित (रजि.) यांना यहुद्यांची लिपी व भाषा शिकण्यास सांगितले, आणि या तरुण सहाबींनी ती सुमारे पंधरवड्यात आत्मसात केली, असे तिर्मिजी व अबू दाऊद यांत नमूद आहे. सूरह इब्राहीमच्या ४ थ्या आयतीनुसार प्रत्येक पैगंबर आपल्या कौमच्याच भाषेत संदेश घेऊन आला. महाराष्ट्रात राहून शुद्ध व सभ्य मराठी बोलणे-लिहिणे हे केवळ नोकरीसाठीचे कौशल्य आहे, असे ज्यांना वाटते, त्यांनी या दोन्ही गोष्टींचा एकत्र विचार करावा. मदरशानंतर मी मराठी घेऊन बी.ए. केले, ते याच विचाराने.

नजाशीच्या दरबारात

दुसरा प्रसंग हब्शाचा, म्हणजे आजच्या इथिओपियाच्या परिसरातील राज्याचा. मक्केतील छळ असह्य झाला, तेव्हा नुबुव्वतच्या ५ व्या वर्षी, इ.स. ६१५ च्या सुमारास, काही मुसलमानांनी समुद्र ओलांडून तेथे आश्रय घेतला. तेथील राजा ख्रिस्ती होता. कुरैशांनी त्याच्याकडे दोन वकील पाठविले. त्यांनी राजासाठी व सरदारांसाठी मक्केतील उत्तम कातड्याच्या वस्तू भेट म्हणून नेल्या होत्या. आश्रितांना परत पाठवावे, ही त्यांची मागणी होती. पुढील सारा वृत्तान्त हजरत उम्मे सलमा (रजि.) यांनी कथन केला आहे, त्या स्वतः त्या आश्रितांत होत्या.

राजाने मुसलमानांना बोलावले. त्यांच्या वतीने हजरत जाफर बिन अबी तालिब (रजि.) बोलले. त्यांच्या बोलण्याचा क्रम अभ्यासण्यासारखा आहे. आपल्या कौमचे पूर्वीचे अज्ञान त्यांनी प्रथम कबूल केले. बढाई मारली नाही. मग पैगंबरांनी काय शिकविले ते सांगितले: एका अल्लाहची भक्ती, सत्य, अमानत, नातेसंबंध जपणे, शेजाऱ्याशी सद्वर्तन. ही अशी मूल्ये होती की ऐकणाऱ्या ख्रिस्ती राजाला ती परकी वाटू नयेत. राजाने कुरआनमधील काही ऐकविण्यास सांगितले, तेव्हा त्यांनी सूरह मरयमचा आरंभीचा भाग निवडला. हजरत जकरिया, हजरत यह्या, हजरत मरयम आणि हजरत ईसा (अलै.) यांचा वृत्तान्त ऐकताना राजाच्या डोळ्यांत पाणी आले, असे उम्मे सलमा (रजि.) सांगतात.

येथवरची कथा आपण मिलादच्या सभांतून ऐकतो. दुसऱ्या दिवशीचा भाग मात्र तितकाच महत्त्वाचा आहे. वकिलांनी डाव बदलला. ईसांविषयी हे लोक भलतेच बोलतात, असे त्यांनी राजाच्या कानी घातले. आश्रितांना पुन्हा बोलावणे आले. प्राण संकटात होते. त्यांनी आपसांत विचार केला आणि ठरविले की पैगंबरांनी जे शिकविले, तेच सांगायचे. जाफर (रजि.) यांनी राजापुढे स्पष्ट सांगितले की ईसा हे अल्लाहचे बंदे व रसूल आहेत, त्याचा कलिमा व त्याच्याकडील रूह आहेत. अल्लाहचा पुत्र म्हटले नाही. राजाने त्यांना अभय दिले, आणि त्यांच्यापैकी काही जण हिजरी ७ पर्यंत, म्हणजे सुमारे १३ वर्षे, त्या देशात राहिले.

पहिल्या दिवशी जाफर (रजि.) यांनी समान गोष्टीपासून सुरुवात केली, दुसऱ्या दिवशी वेगळी गोष्ट लपविली नाही. आपल्यातील काही जणांना केवळ पहिला दिवस आठवतो, आणि ते साऱ्यांना बरे वाटावे म्हणून आपला अकीदा झाकून ठेवतात. काहींना केवळ दुसरा दिवस आठवतो, आणि ते ओळख होण्याआधीच वादाला उभे राहतात. सुन्नत या दोन्ही दिवसांची मिळून आहे.

नावड, मतभेद आणि मनाई

तिसरा प्रसंग दरबारातला नाही, घरातला आहे. उम्मुल मोमिनीन हजरत मैमूना (रजि.) यांच्या घरी एकदा ‘जब’चे भाजलेले मांस वाढण्यात आले. जब हा वाळवंटात राहणारा, मोठ्या सरड्यासारखा प्राणी. मैमूना (रजि.) यांच्या बहिणीने तो नज्दहून आणला होता. पैगंबरांनी हात पुढे केला. ते काय आहे हे समजताच मागे घेतला. शेजारी बसलेल्या हजरत खालिद बिन वलीद (रजि.) यांनी विचारले की हे हराम आहे काय? पैगंबरांनी सांगितले की नाही. पण आपल्या कौमच्या भूमीत हे नसते, म्हणून मनाला नकोसे वाटते. मग खालिद (रजि.) यांनी ते पुढ्यात ओढून खाल्ले, आणि पैगंबर पाहत होते.

या प्राण्याबाबत शाफई फुकहांनी जायज म्हटले आहे, तर हनफी फुकहांनी अन्य रिवायतींच्या आधारे तो मकरूह मानला आहे. आजचा आपला विषय वेगळा आहे. मनाची नावड आणि अल्लाहची मनाई यांत पैगंबरांनी सर्वांसमोर भेद केला, हा तो विषय. आपल्याला सवय नाही म्हणून दुसऱ्याचे ताट त्यांनी हराम ठरविले नाही. आणि दुसऱ्याच्या समाधानासाठी आपली नावडही लपविली नाही.

या हदीसचा उपयोग मला त्याच गावात करावा लागला. मराठवाड्यातील एक मुलगी तेथील घरात सून म्हणून आली होती. माहेर हनफी, सासर शाफई, जसे कोकणातील बहुतेक मुस्लिम कुटुंबांत असते. माहेरी ज्वारीची भाकरी आणि दखनी बोली. सासरी भात, मासे आणि कोकणी बोली. घरातील माणसे आपसांत भराभर बोलत, तेव्हा हे आपल्याविषयीच बोलत आहेत, असे तिला वाटे. एक दिवस कोळंबी वाढली गेली. तिला वास सोसेना. ‘नको’ म्हणण्याचे धाडस होईना, म्हणून माहेरी कधीतरी कानी पडलेले वाक्य ती बोलून गेली: ‘आमच्यात हे जायज नाही.’ सासूबाईंनी त्याचा अर्थ घेतला की आमच्या चुलीला हिने हराम म्हटले. सहा आठवड्यांत गोष्ट इतकी वाढली की मुलीला कायमचे घेऊन जाण्यासाठी वडील येऊन बसले.

दोन्ही बाजू माझ्याकडे आल्या. मी आधी मुलीला पडद्याआडून विचारले, बेटी, नेमके काय झाले? बराच वेळ गेल्यावर ती म्हणाली, ‘वास सहन होत नव्हता.’ मग मी वरील हदीस सर्वांना ऐकविली आणि तीन शब्द वेगळे करून सांगितले. पहिला शब्द नावड: ती सवयीतून येते, तिच्यात पाप नाही आणि अपमानही नाही. दुसरा मतभेद: कोळंबी माशांत मोडते की नाही, यावर हनफी उलमांतच दोन मते आहेत, शाफई मसलकात ती निःसंशय जायज आहे, अशा बाबतीत कुणी कुणाला दोष देऊ नये. तिसरा मनाई: जेथे अल्लाह व रसूल यांनी स्पष्ट नाही म्हटले आहे, तेथे कुणाचीही रीत चालत नाही. या घरातील भांडण नावडीचे होते. त्याला मनाईचे नाव दिले गेले होते.

सासूबाई म्हणाल्या, ‘आवडत नाही म्हणाली असती, तर मी तिच्यापुरती मसूर शिजवली असती.’ वडील त्या दिवशी एकटेच परत गेले.

बंधू-भगिनींनो, आपल्या घरांतील किती तंटे या तीन शब्दांच्या गोंधळातून जन्मतात, याचा हिशेब प्रत्येकाने करावा. हजरत उमर (रजि.) यांनी स्वतः सांगितलेली एक हकिगत बुखारी शरीफमध्ये आहे. मक्केच्या कुरैशांत पतीचा शब्द चाले. मदीनेच्या अन्सारांत स्त्रिया अधिक मोकळेपणाने बोलत. हिजरतनंतर मुहाजिरांच्या स्त्रियाही तसे बोलू लागल्या. एकदा उमर (रजि.) यांच्या पत्नीने त्यांना उलट उत्तर दिले, तेव्हा ते नाराज झाले. पत्नीने त्यांना सांगितले की पैगंबरांच्या पत्नीदेखील त्यांना उत्तर देतात. जे एका गावात उद्धटपणाचे, ते दुसऱ्या गावात रोजच्या बोलण्याचे असते. दुसऱ्या जिल्ह्यातून सून आणणाऱ्या प्रत्येक घराने ही हकिगत लग्नाआधी एकदा वाचावी.

उर्फ: शरीअतमधील रूढीचे स्थान

लोकांच्या रीतींना शरीअतने किती महत्त्व दिले आहे, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसते. फिकहच्या पाच मूलभूत नियमांपैकी एक असा की रूढी ही निर्णायक मानली जाते. सूरह बकरहच्या २३३ व्या आयतीत दूध पाजणाऱ्या मातेचे अन्नवस्त्र पित्यावर ठेवले, पण त्याचे माप दिले नाही. ते ‘मअरूफ’वर, म्हणजे त्या समाजातील भल्या रीतीवर सोपविले. इमाम कराफी (रह.) हे इ.स. १२८५ मध्ये निधन पावलेले मालिकी फकीह. त्यांनी मुफ्तींना बजावले आहे की दुसऱ्या प्रदेशातील मनुष्य प्रश्न घेऊन आला, तर आपल्या प्रदेशाच्या रीतीवरून त्याला फतवा देऊ नये. आधी त्याच्याकडील रीत विचारावी. सातशे वर्षांपूर्वी मुफ्तीला जे सांगितले गेले, ते मी पंचविशीत विसरलो होतो.

मात्र या नियमाला एक अट आहे. रूढी ही कुरआन व सुन्नतच्या स्पष्ट आदेशाविरुद्ध नसावी. अल्लाहशिवाय अन्य कुणाची उपासना ज्यात आहे, अशा विधीत आपण सहभागी होत नाही. हे शेजाऱ्याला आदराने सांगता येते आणि समजूतदार शेजारी ते समजूनही घेतो. पण ही अट केवळ शेजाऱ्याच्या रीतींना लावायची नसते. आपल्या समाजात हुंड्याची रीत शिरली आहे. सूरह निसाच्या ४ थ्या आयतीने मेहर हा स्त्रीचा हक्क ठरविला. देणे पतीवर ठेवले. आपण देण्याची दिशाच उलटी केली. मुलीच्या बापाकडून दुचाकी, फ्रीज आणि रोख रक्कम घेताना ‘ही रीत कुठून आली, जायज आहे काय’ हे कुणी विचारत नाही. एक वाटी तिळगूळ परत करणारा मी आणि हुंडा घरात घेणारे आपण, दोघांनीही रूढीची परीक्षा चुकीच्या दारात उभे राहून केली.

शेजाऱ्याची भाषा, आपली भाषा

ओळख दोन्ही बाजूंनी व्हावी लागते. तिचा एक भाग म्हणजे त्यांच्या रीतींचा अर्थ समजून घेणे. मराठी घरातून निघताना ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणतात. पण मयत झालेल्या घरातून निघताना ‘येतो’ म्हणत नाहीत. हे न कळल्यामुळे सांत्वनाला गेलेला माणूस नकळत दुखावून येतो. सुतक असलेल्या घरात गोडधोड टाळतात. त्या काळात ईदची शीरखुर्म्याची वाटी कुणी नम्रपणे नाकारली, तर तो आपल्या ईदचा अपमान समजू नये. एकादशीच्या दिवशी शेजारी डबा द्यायचाच असेल, तर फळे द्यावीत.

दुसरा भाग म्हणजे आपल्या रीती त्यांना समजतील अशा शब्दांत सांगणे. येथे आपण फार आळशी आहोत. आपल्याकडे दफनविधी लवकर होतो. दूरचे नातेवाईक पोहोचलेले नसतात आणि शेजाऱ्याला ही घाई निर्दयपणाची वाटते. मृताला ताटकळत न ठेवणे हा त्याचा मान आहे, हे आपण कधी सांगितलेच नाही. विधवा स्त्री चार महिने दहा दिवस इद्दत पाळते. शेजारणीला वाटते की घरच्यांनी तिला कोंडले आहे. ‘हा तिच्या शोकाचा व सन्मानाचा काळ आहे, तुम्ही तिला भेटायला अवश्य या,’ हे एक वाक्य पुरेसे असते. अज्ञात गोष्टीची जागा रिकामी राहत नाही. आपण अर्थ सांगितला नाही, तर दुसरा कुणीतरी वाईट अर्थ भरतो.

याबाबत अबू रैहान अल-बैरूनी (रह.) यांचे उदाहरण प्रेरक आहे. ख्वारिज्ममध्ये इ.स. ९७३ मध्ये जन्मलेल्या या विद्वानाने प्रौढ वयात संस्कृतचा अभ्यास केला, पंडितांजवळ बसून त्यांचे ग्रंथ समजून घेतले आणि इ.स. १०३० च्या सुमारास हिंदुस्थानावर आपला प्रसिद्ध अरबी ग्रंथ पूर्ण केला. हा वादाचा ग्रंथ नव्हे, त्या लोकांचे म्हणणे ते मांडतात तसेच येथे दिले आहे, अशी भूमिका त्यांनी आरंभीच स्पष्ट केली. ते मुसलमान होते आणि मुसलमानच राहिले. दुसऱ्याला नीट जाणल्याने त्यांचे ईमान उणावले नाही.

आणि जेथे मतभेद मूलभूत आहे, तेथेही जिभेला लगाम आहे. सूरह अनआमच्या १०८ व्या आयतीत इतरांच्या उपास्यांना अपशब्द बोलण्यास मनाई केली आहे. मोबाइलवर आलेला थट्टेचा संदेश पुढे पाठविण्यापूर्वी आपल्या तरुणांनी ही आयत आठवावी.

घरच्या घरी अभ्यास

या महिन्यात इशाच्या नमाजनंतर एक दिवस कुटुंबाने एकत्र बसून पुढील गोष्टी कराव्यात.

१. सूरह हुजुरातच्या ११ ते १३ या आयती अर्थासह वाचाव्यात. सहा मनाईंपैकी कोणती आपल्या घरात अधिक मोडली जाते, ते प्रत्येकाने स्वतःपुरते शोधावे.

२. दुसऱ्यांची जी रीत आपल्याला खटकते, अशी एक निवडावी. ती नावड आहे, मतभेद आहे की मनाई, हे ठरवावे. ठरविता आले नाही, तर जाणकार आलिमांना विचारावे.

३. आपल्याच घरातील एखाद्या रूढीला हीच परीक्षा लावावी. सुरुवात लग्नाच्या देण्याघेण्यापासून करावी.

४. आपली एखादी इबादत, रोजा किंवा जकात, अरबी-उर्दू शब्दांचा आधार न घेता पाच-सहा मराठी वाक्यांत मुलांनी सांगून पाहावी. शेजारच्या मित्राने विचारले, तर त्याला हेच उत्तर कामी येईल.

५. शेजाऱ्याला या महिन्यात एक प्रश्न विचारावा, आणि उत्तर पूर्ण ऐकून घ्यावे.

ते गाव सोडून मला आता काही वर्षे झाली. निघालो त्या दिवशी काकू दारात उभ्या होत्या. त्यांची नात तोवर शाळेत वरच्या वर्गात गेली होती. मी ‘येतो’ म्हणालो. ‘या,’ त्या म्हणाल्या, ‘संक्रांतीला या.’

अल्लाह तआला आपणा सर्वांना हुकूम देण्याआधी ओळखण्याची, बोलण्याआधी ऐकण्याची आणि सत्य न लपविता सौम्यपणे मांडण्याची तौफीक देवो. आपली घरे व आपला शेजार सलामतीचा करो. आमीन.